दार लावून घ्या

सिमल्यात घराचं भाडं उन्हावर ठरतं. खोल्या किती, स्वयंपाकघर केवढं, पाणी किती वेळ येतं, हे सगळं नंतर. घरमालक आधी खिडकीपाशी नेतो आणि म्हणतो, "धूप देखिए." घर डोंगराच्या दक्षिण उतारावर असेल तर तो भाव सोडत नाही. त्याच डोंगराच्या उत्तर अंगाला तेवढ्याच खोल्या स्वस्तात मिळतात, आणि त्या स्वस्त का, ते पहिल्या जानेवारीत कळतं. सावलीतल्या रस्त्यावरचा बर्फ दिवसा जरासा विरघळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी त्याची काच झालेली असते. मग त्यावर राख टाका, वाळू टाका, बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवा. आपटायचं ते आपटतंच. सचिवालयातला साहेबही आपटतो आणि त्याचा डबा पोचवणारा पोऱ्याही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही बरीच वर्षं तिथे काढली. दक्षिण उतारावर, पगाराच्या मानाने जरा जास्तच भाडं भरून. तो निवृत्त झाला आणि आम्ही कोल्हापूरला, शिवाजी पेठेतल्या त्याच्या घरी राहायला आलो. सासूबाई एकट्या होत्या, माझे गुडघे थंडीला विटले होते आणि नवऱ्याला तांबडा-पांढरा रस्सा स्वप्नात दिसत होता. कारणं एवढीच.

आमच्या घरापासून गाडीरस्ता बराच वर होता. फ्रीज, कपाटं, पुस्तकांची खोकी काश्मिरी हमालांनी पाठीला दोर बांधून पायऱ्यांवरून वर चढवली. सामानात सगळ्यात मोठा गठ्ठा रजयांचा होता. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, इन को वहाँ क्या ओढ़ोगे? आप तो पिघल जाओगे." एप्रिल लागायच्या बेतात होता आणि जाखू डोंगरावरच्या देवदारांखाली अजून मळकट बर्फाचे तुकडे शिल्लक होते.

कोल्हापुरात पोचल्यावर मी सवयीने आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, की घरात ऊन कुठल्या बाजूने येतं? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन? ते कशाला पायजे? सावली कुठनं येती ते विचार."

त्यांचं बरोबरच होतं. सिमला ३१ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण २,२०० मीटर उंच. कोल्हापूर १७च्याही खाली आणि उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. कर्कवृत्त येतं साडेतेवीसवर, त्यामुळे सिमल्यात सूर्य वर्षातून एकदाही बरोबर डोक्यावर येत नाही. दुपारीसुद्धा तो थोडा दक्षिणेकडे कललेलाच असतो, म्हणून तर खिडकीतून आत येतो. हिवाळ्यात तो इतका खाली असायचा की आमच्या खोलीत पार मागच्या भिंतीपर्यंत ऊन पसरायचं आणि आम्ही त्याच्याबरोबर बसायचे वेताचे मोढे सरकवत राहायचो, शेंगांच्या टरफलांसकट. कोल्हापुरात मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात असा एक दिवस येतो की दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या वस्तूला सावलीच उरत नाही. मी परड्यात तांब्या ठेवून पाहिला. सावली तांब्याच्या बुडाखाली गेली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा वर बघायला आभाळ मोकळं असेल तर ना.

ऊन-सावलीची ही उलथापालथ मी धरूनच चालले होते. दाराचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सिमल्यात आल्या पाहुण्याला पहिलं वाक्य ऐकू येतं ते "दरवाज़ा बंद कर दो." त्यात उद्धटपणा नसतो. एका खोलीत एक हीटर लावलेला असतो, सगळं घर त्याच खोलीत जेवतं, अभ्यास करतं, भांडतं, आणि दार उघडं राहिलं की विजेचे पैसे बाहेर जातात. दाराला आतून जुन्या रजईचा पडदा, खिडकीच्या फटींना कागद. कोळशाची अंगीठी पेटवली तर गुदमरायला नको म्हणून एक झडप बोटभर उघडी ठेवायची, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध. कुणी यायचं तर फोन करून येतं. मोठा बर्फ पडला की फोन करूनही येत नाही. ते दोन-चार दिवस शहर इतकं गप्प असतं की रात्रभर थेंबथेंब सोडून ठेवलेल्या नळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. नळ असा सोडायचाच, नाहीतर पाइपातलं पाणी गोठतं.

कोल्हापुरातलं आमचं घर जुनं आहे. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परडं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, वर काही भागात कौलं आणि मागे नंतर घातलेली स्लॅब. सकाळी सडा पडला की पुढचं दार जे उघडतं ते रात्री जेवणं होईपर्यंत उघडंच. आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दुपारी मी ते लावून घेतलं आणि आडवी झाले. डोळा लागतोय तोवर कडी वाजली. समोरच्या मावशी.

"वैनी, बरं न्हाई व्हय? दार लावलंया म्हणून बघाय आलो."

मी म्हटलं, छे, सहज. त्यांना ते 'सहज' काही पटलं नाही. जाताना त्यांनी दार उघडंच ठेवलं.

आत्याबाईंनी नंतर सांगितलं, की या घराचा वारा पुढून शिरतो आणि परड्यातून निघतो. पुढचं दार लावलं की सोप्यापासून चुलीपर्यंत सगळं तापतं. जुन्या घरात दारासमोर दार एका ओळीत ठेवतात ते त्यासाठीच. म्हणजे हे काही नुसत्या माणुसकीचं प्रकरण नव्हतं, घराची रचनाच तशी होती. पण वारा आत यायचा तर माणसंही येणार. ती आली. वाटीभर आमटी घेऊन आली, लग्नपत्रिका घेऊन आली, काहीच न घेता आली. आणि प्रश्न घेऊन आली: पेन्शन किती बसली, पोरगी परदेशात एकटीच असती व्हय, दुसरं का होऊ दिलं नाही. सिमल्यात माझ्या शेजाऱ्यांनी मला इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते इथे आठवडाभरात विचारून झालं.

कोल्हापूरच्या मोकळेपणाचं कौतुक सगळेच करतात. त्यातले बरेचसे इथे दोन दिवस राहून, मिसळ खाऊन परत जाणारे असतात. इथे संसार करायचा तर त्या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागते. दुपारी दोन ते चार पुस्तक वाचायची माझी सवय गेली ती गेलीच. मी माजघरात खुर्ची टाकून पाहिली. तिथेही वारा येतो, त्यामुळे तिथेही माणसं येतात.

स्वयंपाकाचं शरीराच्या आधी बदलावं लागलं. सिमल्याच्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, कोल्हापुरात ९८च्या. पाच अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण उघड्या पातेल्यात राजमा शिजवून बघा. तिथल्या हिशोबाने कुकरला दिलेल्या शिट्ट्या इथे कमी कराव्या लागल्या. चहासुद्धा तिथे गाळला की लगेच ओठाला लावता यायचा, इथे बशीची गरज का पडते ते कळलं. विरजणाची तर तऱ्हाच वेगळी. तिथे कोमट दुधाला विरजण लावून पातेलं शालीत गुंडाळून हीटरपाशी ठेवायचं, तरी दही लागलंय का हे सकाळी भीत भीत बघायचं. इथे एप्रिलात रात्री लावलेलं दही पहाटे घट्ट आणि दुपारी आंबट. आमच्या घरात कढी फार होते ती त्यामुळे.

उष्णतेची शरीराला सवय व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातलं पाणी वाढतं. तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. शिवाय कोल्हापूरचा उन्हाळा हा विदर्भातल्या माणसाने ज्याला उन्हाळा म्हणावं तसा नव्हेच. पारा ३८-३९पर्यंत चढतो खरा, पण संध्याकाळी सह्याद्रीकडून वारा सुटतो आणि रात्री स्लॅबवर झोपलं तर पहाटे पांघरूण लागतं. आत्याबाईंनी जुन्या लुगड्यांची वाकळ दिली. चार थरांचं ते सुती पांघरूण इतकं बेताचं उबदार होतं की गठ्ठ्यातल्या रजयांकडे बघून मलाच अवघडल्यासारखं झालं.

मला खरं गुंतवलं ते इथल्या लोकांनी उन्हाला लावलेल्या कामाने. सिमल्यात ऊन बसायला असतं. रिजवरच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या मोकळ्या चौकातल्या, बाकांवर अख्खा गाव त्यासाठीच बसलेला असतो. इथे उन्हात कुणी बसत नाही, पण एप्रिल-मेमध्ये एकही स्लॅब मोकळी नसते. कुरडया, पापड, सांडगे, आणि या सगळ्यांच्या वर मिरची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, की आमच्या चटणीसारखी दुसरी नाही. मिरची कडकडीत वाळली की खोबरं, धणे, तीळ, खसखस, गरम मसाला भाजायचा, कांदा-लसूण परतायचा आणि डबे घेऊन कांडपाच्या गिरणीत रांग लावायची. त्या दिवसांत गल्लीतून शिंकल्याशिवाय जाता येत नाही. वर्षभराची चटणी ही. पोरगं पुण्याला असलं तरी त्याच्या वाट्याची बरणी वेगळी भरली जाते.

आमचीही मिरची वर पसरली होती. मेमधली दुपार, हवा अशी कोंडलेली की पान हलत नव्हतं. मी खाली सोप्यात होते. अचानक समोरच्या मावशी पदर खोचून धावत आत आल्या, मागोमाग त्यांची सून, पलीकडची दोन पोरं. कुणी काही बोललं नाही. सगळे माझ्यासमोरून माजघरातून जिना चढून वर. मी मागे गेले तर पूर्वेला काळंकुट्ट उठलेलं आणि हे लोक आमची मिरची पोत्यात भरत होते. शेवटचं पोतं जिन्यात आलं आणि वळीव कोसळला. आधी धूळ, मग वारा, कुणाचा तरी पत्रा उडाल्याचा आवाज, लाइट गेली, आणि मग गारा. कौलांवर गारा पडताना घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. सोप्याच्या पायरीवर त्या उसळून आत येत होत्या. आत्याबाई वाटीत वेचत मोठ्याने ओरडल्या, "ये गं, तुझं बरफ आलंय बघ!"

बर्फ कधी पडणार हे मला सिमल्यात आदल्या रात्री कळायचं. वारा पडायचा, आभाळ दुधासारखं सपाट व्हायचं आणि थंडी उलट जराशी कमी झाल्यासारखी वाटायची. तिथलं आभाळ मी वर्षानुवर्षं वाचत होते. इथला वळवाचा ढग दुपारी तीनला कुठून उठतो, किती वेळात गल्लीवर येतो, हे मावशींना स्वतःच्या स्लॅबवरून दिसलं होतं, आणि त्यांनी आपल्या आधी आमची मिरची गोळा केली, कारण आमच्या घरात ढग ओळखणारी बाई आता जिना चढू शकत नव्हती आणि जिना चढू शकणारीला ढग कळत नव्हता. दार लावलेलं असतं तर कडी वाजवण्यातच मिरची भिजली असती. हे मी तेव्हा मनात म्हटलं, मोठ्याने नाही. मोठ्याने म्हटलं असतं तर दुपारच्या वाचनाचा माझा उरलासुरला हक्कही गेला असता.

जूनच्या मध्यावर पाऊस धरला आणि जुलैत ऊन ही गोष्टच संपली. कपडे वाळेनात, कपाटात बुरशी, मिठाला पाणी. मला मनातून थोडं बरं वाटलं, की आता कोल्हापूरवालेही खिडकीतून आभाळाकडे बघतायत. पण त्यांचं लक्ष आभाळाकडे नव्हतं, बंधाऱ्याकडे होतं. सिमल्यात हिवाळ्यात लोक एकमेकांना विचारतात, जवळच्या कुफ्रीला बर्फ पडला का? इथे पावसाळ्यात विचारतात, फूट किती? राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ला धोका. शाळेतल्या पोरांनाही हे आकडे पाठ असतात. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याच्या दाबानेच उघडणारे. त्यातला कितवा उघडला याची बातमी गल्लीत टीव्हीच्या आधी पोचते.

२०१९चा आणि २०२१चा महापूर आम्ही सिमल्यातून फोनवर पाहिला होता. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली, गाड्यांच्या रांगा, बोटी. नवरा रात्रभर फोन लावत बसायचा. आमची गल्ली उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही हे माहीत असूनही. तेव्हा आत्याबाईंच्या सोप्यात प्रयाग चिखलीहून आलेली नात्यातली माणसं राहिली होती, पोराबाळांसकट, एक शेळीसुद्धा. "किती जण होते?" असं मी आता विचारलं तर म्हणाल्या, "मोजलं न्हाई. भाकरी मोजल्या." मग त्याही मोजल्या नसाव्यात, कारण आकडा त्यांना तोही सांगता आला नाही.

नोव्हेंबरात मला एक गंमत दिसली. ज्या गावाला ऊन नको असतं ते गाव अंबाबाईच्या देवळात उन्हाच्या तिरिपेसाठी दाटीवाटीने उभं राहतं. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात पोचतात; पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. या दोन तारखा अशाच नाहीत. २१-२२ डिसेंबरला सूर्य जास्तीत जास्त दक्षिणेला जाऊन परत फिरतो, आणि या दोन्ही तारखा त्या दिवसापासून साधारण सारख्याच अंतरावर, एक अलीकडे, एक पलीकडे. म्हणजे जाताना आणि परत येताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. हे ज्यांनी बांधलं त्यांनी किती वर्षं नुसतं सूर्याकडे बघितलं असेल! हल्ली वाटेत इमारती येतात, धूळ असते, ढग असतात, आणि किरणं मध्येच अडतात. मी गेले त्या दिवशी ती पायांशी आली आणि विरली. गर्दीतून "गेलं गं" असा एकच सूर निघाला. सिमल्यात आमच्या खिडकीतलं ऊन समोरच्या देवदारामागे गेलं की माझ्याही तोंडून तेच निघायचं.

रजयांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन रजया पिंजारून त्यांच्या गाद्या केल्या. उरलेल्या आणि स्वेटरांचा गठ्ठा तसाच माळ्यावर होता. डिसेंबरात इथे पारा १४-१५वर आला की लोक कानटोप्या, मफलर घालून शेकोटीभोवती बसतात आणि मला विचारतात, "वैनी, तुमाला थंडी वाजत न्हाई व्हय?" मी सुती साडीत फिरायचे आणि मला जरा ऐटही वाटायची. मग एकदा पहाटे नवऱ्याबरोबर नदीपलीकडे मळ्याकडे गेले. ऊसतोड चालू होती. बीडकडून आलेली कुटुंबं शेताच्या कडेला कोप्या घालून राहिली होती. पाचट, वर प्लास्टिकचा कागद, दाराच्या जागी गोणपाट. ओल्या उसात पहाटेपासून तोडणी, पायात फाटक्या चपला, चुलीपाशी पोतं पांघरून बसलेलं पोर. तिथे माझा श्वास वाफेसारखा दिसला आणि मला हुडहुडी भरली, सिमल्यात कधी भरली नव्हती अशी. पारा तोच, १४चा. इतकी वर्षं उणे अंशांच्या गोष्टी सांगत मी जी थंडी मिरवत होते ती चार भिंती, हीटर आणि रजईच्या पडद्याआडून पाहिलेली होती. गठ्ठा दुसऱ्या दिवशी तिकडे गेला. मुकादमाने स्वेटर वाटण्याआधी चांगले दोन बाजूला काढून ठेवले, तेही मी पाहिलं.

गेल्या आठवड्यात सिमल्याच्या त्या शेजारणीचा फोन आला. तिचेही गुडघे बोलायला लागलेत, जानेवारीत महिनाभर यायचं म्हणते. तिने तिचे प्रश्न लिहूनच ठेवले होते. खोलीत धूप येते का? सुती कपडे किती आणू? मी सांगितलं, धूप विचारू नकोस, आत्याबाई हसतील. कपडे कमी आण, पण एक स्वेटर असू दे; पहाटे गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून देतात, ते फेसाळ दूध उभ्याने प्यायला जायचं तर हवा बोचते. आणि तुझं लग्न कधी झालं, मुलं काय करतात, मिस्टरांचा पगार किती होता, याची उत्तरं मराठीत पाठ करून ये. ती म्हणाली, "किस को बतानी हैं?" मी म्हटलं, दार उघडं असेल, तू ये तर.